तिघऱ्याची पहिली भिंत

पावसाळ्यात रविवारी लष्करातून तिघऱ्याला सहलीस जाण्याची आपल्या ग्वाल्हेरकर मंडळींची रीत जुनी आहे. सांडव्यावरून पडणारे पाणी पाहावे, भजी खावीत आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. आपण ज्या भिंतीवर टेकून पाणी पाहतो ती एकदा वाहून गेलेली आणि पुन्हा उभारलेली भिंत आहे, हे मात्र त्या गर्दीतील फार थोड्यांना ठाऊक असते. माझ्या आजीला ते ठाऊक होते. ती नातेवाइकांची वये सनावर मोजत नसे. अमक्याची मुंज बांध फुटला त्या साली, तमकीचे लग्न बांध फुटल्यावर दोन वर्षांनी, असा तिचा हिशेब असे. बांध म्हणजे तिघऱ्याचा, आणि साल १९१७.

श्रीमंत माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत सांक नदीवर हे धरण बांधले गेले. नदीपात्रापासून सुमारे २४ मीटर उंच आणि १,३४१ मीटर लांब अशी ही भिंत दगड व चुन्याची होती आणि तिचा हेतू शहराला पाणी पुरवण्याचा होता. मुरैन्याच्या दिशेने जाणारी ही नदी एरवी शांत असते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये मात्र तलाव काठोकाठ भरला, सुमारे चारशे मीटर लांबीत पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले आणि भिंत गेली. नदीकाठच्या गावांवर त्या दिवशी जे ओढवले असेल त्याची कल्पनाच करावी.

धरणांच्या अपघातांविषयीच्या अभियांत्रिकी ग्रंथांत तिघऱ्याची नोंद चार-पाच ओळींची असते. तिच्यातील एका तपशिलाने मला हा लेख लिहावयास लावले. भिंतीचे दोन मोठे भाग जसेच्या तसे पुढे ढकलले गेले, असे त्या नोंदीत म्हटले आहे. म्हणजे भिंत मधोमध मोडली नाही, तिचा चुरा झाला नाही. ती पायापासून सुटली आणि सरकली. पायाखाली होता थरांचा वालुकाश्म, आणि त्यात पाणी झिरपले होते, असे कारण नोंदलेले आढळते. भिंत पुरेशी मजबूत होती की नव्हती हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. खरा प्रश्न भिंत आणि खडक जेथे भेटतात त्या सांध्याचा आहे.

मी अभियंता नव्हे. मध्य प्रदेश शासनाच्या महसूल सेवेत माझी उमेदीची वर्षे गेली, आणि धरणांशी माझा संबंध आला तो भूसंपादन आणि पूरनियंत्रण बैठकांपुरता. १९९६ च्या पावसाळ्यापूर्वी एका धरणाच्या संयुक्त पाहणीत मी महसूल खात्याचा प्रतिनिधी होतो. त्या धरणाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. धरणाच्या पोटात गॅलरी होती. ओल, अंधार, शेवाळाचा वास. जमिनीत ओळीने हाताच्या मनगटाएवढी भोके होती आणि त्यांतील बहुतेकांच्या तोंडाशी पांढरा खडा धरलेला होता, स्नानघरातल्या नळाला धरतो तसा. कोपऱ्यात एक नोंदवही होती. तिच्यात रोजच्या झिरपणीचा आकडा लिहायचा होता. चौदा महिने तोच एक आकडा लिहिलेला होता. मी विचारले तेव्हा सोबतचे कोणी म्हणाले, पाणी कमी येते ही चांगलीच गोष्ट आहे, साहेब. मलाही ते पटले. टिप्पणीत ‘निचरा समाधानकारक’ असे लिहिले होते, त्याखाली इतरांबरोबर मीही सही केली. त्या सहीचा अर्थ मला निवृत्तीनंतर, पुस्तके वाचताना कळला.

तो अर्थ समजण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. आकडे सोपे आहेत. तिघऱ्याच्या उंचीची, पण माझ्या कल्पनेतील, एक त्रिकोणी भिंत घेऊ. उंची २४ मीटर, पायाशी रुंदी १८ मीटर. घनमीटर बांधकामाचे वजन २.४ टन धरले तर भिंतीच्या दर मीटर लांबीचे वजन सुमारे ५१८ टन होते. तलाव भरला असता पाणी तिला २८८ टनांनी पुढे ढकलते. दगडावर दगड सरकताना घर्षण वजनाच्या सात दशांश मानले, तर ही भिंत सुमारे ३६३ टनांपर्यंतचा रेटा सोसेल. म्हणजे ती उभी राहील, आणि शिल्लकही उरेल. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ धरणांचा हिशेब साधारण येथेच थांबत असे.

पण सांध्यात पाणी शिरले तर? खडक आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तरी तिच्यातील पाणी वरच्या तलावाशी जोडलेले असते, आणि ते भिंतीला खालून वर उचलते. हा दाब पाण्याच्या बाजूला पूर्ण आणि मागच्या बाजूला शून्य धरला तर २१६ टन भरतो. भिंतीचे परिणामी वजन ३०२ टनांवर येते आणि घर्षण २११ टनांवर. रेटा मात्र २८८ टनांचाच आहे. यापुढे भिंत उभी राहते ती केवळ चुना आणि खडक यांच्या चिकटण्यावर. तेवढ्यात पाण्याच्या बाजूला, जिला अभियंते टाच म्हणतात तेथे, सांधा उघडू लागला आणि फट पायाच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेली, तर उघड्या भागात दाब पूर्णच राहतो. वर उचलणारे बळ ३२४ टन होते. फट जितकी लांब तितका दाब जास्त, आणि दाब जितका जास्त तितकी फट आणखी लांब. फटीच्या टोकाशी ताण एकवटतो म्हणून ती पुढे सरकते, आणि सरकताना आपल्यामागे पाणी ओढून घेते. भिंत मजबूत आहे की नाही याच्याशी या खेळाचा फारसा संबंध नाही.

हे ज्ञान जगाला किती किमतीने मिळाले याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईला जाऊन मिळतो. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी उंच दगडी धरणे बांधावीत काय, असा सल्ला तेथील नगरपालिकेच्या अभियंत्यांनी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांच्याकडे मागितला. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात त्यांनी आग्रहाने सांगितले की दगडी भिंतीत कोठेही ओढाताण येता कामा नये. चुन्यावर ओढ सोसण्याचा भरवसा ठेवू नये. तत्त्व अचूक होते. फटीत शिरलेल्या पाण्याचा विचार मात्र त्यात नव्हता.

तो विचार करावयास लावला फ्रान्समधील बूझे येथील धरणाने. एपिनाल गावाजवळचे हे धरण एका कालव्याला पाणी देण्यासाठी बांधलेले, उंचीने तिघऱ्याहून किंचित कमी. पाया तसाच, भेगाळलेल्या वालुकाश्माचा. मार्च १८८४ मध्ये तलाव भरत आला असता भिंतीचा सुमारे १३५ मीटर लांबीचा तुकडा अचानक जवळजवळ एक फूट पुढे सरकला आणि तेथेच थांबला! पुढे तलाव रिकामा केल्यावर पाहतात तो पाण्याच्या बाजूला भिंत खडकापासून सुटलेली. अभियंत्यांनी पायथ्याशी मोठा आधार बांधला, भेगा भरल्या आणि १८८९ च्या सुमारास तलाव पुन्हा भरू दिला. वरचा भाग पूर्वी होता तसाच राहिला. २७ एप्रिल १८९५ रोजी माथ्यापासून सुमारे दहा मीटर खालचा एक आडवा थर फाटला, आणि त्यावरची भिंत शंभराहून अधिक मीटर लांबीत उलथून गेली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. सरकलेला पाया दुरुस्त केला गेला होता. ज्या कारणाने तो सरकला ते कारण तसेच राहिले होते. ते कारण भिंतीत वर जाऊन बसले, एवढाच फरक.

त्याच वर्षी मोरीस लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक साधा नियम मांडला. भिंतीच्या पाण्याकडील बाजूवर, कोणत्याही पातळीवर, तेथील पाण्याच्या दाबापेक्षा जास्त दडपण असले पाहिजे. म्हणजे फट पडली तरी पाणी तिला उघडू शकणार नाही. या नियमाने भिंती जाड होतात आणि खर्च वाढतो, म्हणून तो सर्वांना रुचला नाही. दुसरा मार्ग वेल्समधील व्हर्न्वी धरणाच्या अभियंत्यांनी १८८० च्या दशकातच अवलंबिला होता. पाणी शिरणारच असेल तर त्याला बाहेर पडण्यास वाट ठेवावी, म्हणून त्यांनी पायातून निचऱ्याचे मार्ग काढले. माझ्या अंकगणितात तेही घालून पाहावे. निचऱ्याने २१६ टनांचा दाब एक तृतीयांशावर, म्हणजे ७२ टनांवर आणला तर भिंतीचे वजन ४४६ टन उरते आणि घर्षण ३१२ टन. भिंत पुन्हा सुरक्षित! मनगटाएवढ्या भोकांची ओळ १४४ टनांचे काम करते, ते असे. पांढऱ्या खड्याने तोंड धरलेले भोक म्हणजे काय, हे आता निराळे सांगावयास नको.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात ऑस्टिन या गावी एका कागद गिरणीने १९०९ मध्ये काँक्रीटचे धरण बांधले. उंची अवघी पन्नास फूट. पाया वालुकाश्मच, पण थरांमध्ये शेलचे पातळ पापुद्रे असलेला. जानेवारी १९१० मध्ये बर्फ वितळून तलाव भरला आणि धरण पायाशी सुमारे दीड फूट सरकले. काँक्रीटला उभे तडे गेले. माथ्यावर सुरुंग लावून पाणी काढून दिले गेले. अभियंत्याने सुचवलेली दुरुस्ती मालकांनी केली नाही आणि तलाव पुन्हा भरला. ३० सप्टेंबर १९११ रोजी धरण फुटले, ७८ जण मृत्यू पावले. येथे काँक्रीट आणि खडक यांच्या सांध्यापेक्षा त्याखालचा शेलचा थर अधिक दुबळा निघाला. तडा सांध्याशी सुरू होतो, पण सांध्यातच राहील असे नाही. जिकडे विरोध कमी तिकडे तो वळतो: खाली खडकाच्या थरात, सांध्याच्या रेषेने, किंवा बूझेसारखा वर भिंतीत.

तिघऱ्याची भिंत फुटली ती ऑस्टिननंतर सहा वर्षांनी आणि बूझेनंतर बावीस वर्षांनी. मग आमच्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक असावयास नको होते काय? हा प्रश्न मी बराच काळ मनात घोळवला. माझा कल त्यांना दोष न देण्याकडे आहे, निदान पूर्ण दोष न देण्याकडे. लेव्हीचा नियम छापला गेला होता, पण खडक चांगला आणि चुना चांगला असेल तर खालून उचलणारे पाणी हिशेबात धरण्याचे कारण नाही, असे मानणारे प्रतिष्ठित अभियंते त्या काळी युरोप-अमेरिकेतही होते. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सेंट फ्रान्सिस धरण गेले, चारशेहून अधिक माणसे घेऊन. तेव्हाही त्याच्या बहुतेक लांबीत निचऱ्याची सोय नव्हती. जे लॉस एंजलिसला १९२८ मध्ये उमगले नव्हते ते ग्वाल्हेरला १९१७ पूर्वी उमगावे, असा आग्रह धरता येत नाही. शिवाय त्या दिवशी भिंतीवरून पाणी वाहत होते. कल्पिलेल्यापेक्षा जास्त रेटा भिंतीवर आला होता. सांधा दुबळा असेल तर असा दिवस त्याला शोधून काढतो.

येथवर चुन्याच्या भिंती आल्या आणि दोन काँक्रीटच्या. काँक्रीट आले म्हणून सांध्याचा प्रश्न सुटला नाही. काही बाबतींत तो वाढला. काँक्रीट घट्ट होताना तापते आणि नंतर थंड होऊन आकसते. खालचा खडक आकसत नाही आणि वरच्यालाही आकसू देत नाही. त्यामुळे पाणी भरण्यापूर्वीच सांध्याजवळ ताण साठून राहतो. सुरुंगाने खणलेल्या खडकाचा वरचा थर आधीच भेगाळलेला असतो. त्यावर धूळ, चिखल किंवा पाण्याचे डबके राहिले तर काँक्रीट खडकाला चिकटत नाही, नुसते टेकते. म्हणून आता सुटा खडक पहारीने काढतात, हवा आणि पाण्याच्या झोताने तो धुतात, मग काँक्रीट टाकतात. कितीही धुतले तरी दोन पदार्थांचा ताठरपणा सारखा नसतो, आणि टाचेचा कोपरा हा ताण एकवटण्याची हक्काची जागा असतो. तड्याच्या टोकाचे हे शास्त्र इंग्लंडमध्ये ग्रिफिथ याने १९२० च्या सुमारास काचेवर मांडले. काँक्रीटला ते लावण्याचा प्रयत्न कॅप्लन याने १९६१ मध्ये केला. म्हणजे धरणे आधी फुटली आणि त्यांची भाषा नंतर तयार झाली.

त्या दोहोंच्या मध्ये मालपासे आले. दक्षिण फ्रान्समध्ये फ्रेझ्यूस शहराच्या वर, रेरान नदीवर, १९५२ ते १९५४ मध्ये बांधलेले हे कमानी धरण. उंची ६६ मीटर, आणि जाडी पायाशी सात मीटरसुद्धा नाही. आंद्रे क्वान हे त्याचे शिल्पकार त्या काळचे जगातील अग्रगण्य धरण अभियंते होते, आंतरराष्ट्रीय महाधरण आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेले. कमानीचा भरवसा स्वतःच्या वजनावर नसतो. ती पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या खडकांत नेऊन टाकते. तलाव भरण्यास पाच वर्षे लागली. नोव्हेंबर १९५९ च्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला आणि शेवटचे काही मीटर थोड्याच दिवसांत भरले. पायथ्याच्या काँक्रीटच्या फरशीवर तडे दिसले होते, उजव्या काठावर पाणी झिरपत होते. खाली महामार्गाच्या पुलाचे काम चालू असल्याने पाणी सोडण्यास विलंब झाला. २ डिसेंबरला संध्याकाळी झडप उघडली, आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर धरण गेले. ४२३ माणसे मेली.

काँक्रीट उत्तम होते. तपासात दोष निघाला तो डाव्या काठाच्या नाइस नावाच्या पट्टेदार खडकात. पॅरिसमधील प्रयोगशाळेत त्या खडकाचे तुकडे दाबून त्यांतून पाणी सोडून पाहिले, तेव्हा दाबाखाली त्याच्या भेगा मिटतात आणि तो जवळजवळ पाणीबंद होतो, असे दिसले. कमानीने ज्या दिशेने रेटा दिला त्या दिशेचा खडक असा मिटला आणि जमिनीच्या आत एक अदृश्य बांध तयार झाला. उलट टाचेशी, पाण्याच्या बाजूला, खडक ओढला जाऊन उघडला. तलावाचे पाणी त्या चिरेतून खाली उतरले, त्या आतल्या बांधाशी अडले, आणि खालच्या बाजूच्या एका भ्रंशाने तुटलेली खडकाची पाचर कमानीसकट उचलली गेली. टाचेची चीर आणि तिच्यातील पाणी, हे बूझेचेच कारण होते. फक्त या वेळी ते खडकाच्या पोटात शिरले होते. क्वान पुढच्याच वर्षी वारले. त्यानंतर कमानी धरणांच्या काठांच्या खडकातही निचऱ्याची भोके पाडण्याची रीत रूढ झाली.

ऑस्ट्रियातील क्योल्नब्राइन धरण दोनशे मीटर उंच. १९७८ मध्ये तलाव भरताना त्याच्या टाचेशी तडे गेले आणि पायाच्या गॅलरीत दर सेकंदाला दोनशे लिटरपर्यंत पाणी येऊ लागले. पाणी मोजले जात होते म्हणून तलाव उतरवता आला. पुढे १९८९ ते १९९४ या काळात खालच्या बाजूने प्रचंड आधार बांधून ते वाचवण्यात आले. तेथे कोणी मेले नाही, म्हणून त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे कोयना आणि भंडारदरा आठवतील. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेला तडे गेले ते पायाशी नव्हे, तर वर, भिंतीचा उतार जेथे बदलतो त्या पातळीवर. तो कोपरा ताण एकवटण्याची दुसरी जागा होता. भंडारदऱ्याच्या १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या दगडी भिंतीतून १९६९ मध्ये तडे आणि मोठी गळती दिसली, आणि तिला पोलादी दोरांनी व टेकूंनी आधार द्यावा लागला. दोन्ही आजही उभी आहेत. पानशेतची गोष्ट निराळी, ते मातीचे धरण होते.

तिघऱ्याची भिंत १९२९ पर्यंत पुन्हा उभी राहिली. विश्वेश्वरय्यांनी प्रथम १९०३ मध्ये खडकवासल्यावर बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांची पद्धत तिघऱ्यावरही वापरली गेली, हा आपल्या शहराचा एक मान आहे. लष्करातील घरांत आजही त्याच तलावाचे पाणी येते.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, ओळखीच्या एका कार्यपालन यंत्र्यांना विनंती करून, मी पावसाळ्यात त्या दुसऱ्या धरणाच्या गॅलरीत पुन्हा उतरलो. १९९६ च्या टिप्पणीविषयी मी कोणाशी काही बोललो नाही. जुनी भोके खरवडून मोकळी केलेली होती, काही नवी पाडलेली होती आणि पाण्याचा आवाज पायऱ्यांवरूनच ऐकू येत होता. एक तरुण उपयंत्री विजेरीच्या उजेडात त्रिकोणी खाचेवरून पडणारे पाणी मोजत होता. नोंदवही नवी होती. त्या दिवशीचा आकडा आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त होता. तलाव रात्रीत दोन हात चढला होता. त्याने आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि सही केली.